दाराच्या आत अरबीच

लेकीला पुण्याच्या होस्टेलवर सोडून आल्यावर दोनच महिन्यांनी आई स्वतः होस्टेलवर राहायला निघाली, तेव्हा दोह्यातल्या मराठी मंडळींना बरेच दिवस दुसरा विषय पुरला नाही.

भैरवी चव्वेचाळीस वर्षांची. माहेर सांगलीचं. कॉलेजात असताना खो-खो खेळायची, तेही नुसतं नावाला नव्हे, विद्यापीठाच्या संघातून. लग्नानंतर दोह्याला आली आणि गेली सोळा वर्षं तिथल्या मदिनत खलीफा वस्तीत राहत होती. नवरा अभिजित गॅस प्लँटवर इंजिनियर, ती भारतीय शाळेत पीटीची शिक्षिका. आवाज असा, की शिट्टी गळ्यातच लोंबकळत राहायची आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं रांगेत उभी असायची.

सोळा वर्षांत अरबी किती आलं म्हणाल, तर दुकानातून निघताना शुक्रन, शाळेची बस येताना यल्ला आणि काम आटपलं की खलास. त्याच्यापुढे कुणाचं काही अडत नाही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, टॅक्सीत आणि भाजीवाल्याकडे हिंदी. अरबी असतं ते पाट्यांवर, आणि पाटीखाली इंग्रजी लिहिलेलं असतंच.

भैरवीचं अडलं ते शेजारणीपाशी. भिंतीला भिंत लागून उम्म जासिमचं घर होतं. उम्म जासिम म्हणजे जासिमची आई. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानेच बाईला हाक मारतात, पाळण्यातलं नाव कुणी विचारत नाही. रमजानात तिच्याकडून गहू-मटणाच्या हरीसचं भांडं यायचं, होळीला इकडून पुरणपोळ्या जायच्या. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, हात हातात घ्यायच्या, की झालं. त्या वर्षी जासिमने समैस्म्याला समुद्राकाठी घर बांधलं आणि म्हातारी तिकडे राहायला निघाली. गाडीत बसायच्या आधी ती भैरवीच्या फाटकाशी आली, तिचे दोन्ही हात धरले आणि बोलू लागली. मग तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

"शुक्रन," भैरवी म्हणाली.

म्हातारीने पुन्हा विचारलं.

"शुक्रन, शुक्रन."

म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती गाडीत बसली.

संध्याकाळी अभिजित घरी आला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी नुसतीच बसलेली. "अरे, ती बाई जीव तोडून बोलत होती आणि मी खांबासारखी उभी," ती म्हणाली. "इतकी वर्षं शेजार केला आणि एक वाक्य कळू नये?"

"जासिमला फोन कर की. तो सांगेल इंग्रजीत काय म्हणाली ते."

"जासिमला कशाला? बोलली ती माझ्याशी."

अभिजित ताटं मांडू लागला. हा आवाज आला की बोलायचं नसतं, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकला होता.

शहरातल्या एका युनिव्हर्सिटीत परदेशी मुलींसाठी अरबी शिकायची सोय होती. वर्गच नव्हेत, राहायचंही तिथेच, एका वेगळ्या इमारतीत. नियम एकच: दाराच्या आत अरबीच. जेवताना, भांडताना, बाथरूमच्या रांगेतसुद्धा. वर्ल्ड कप तीन वर्षांवर आला होता. फेब्रुवारीत कतारने आशिया कप जिंकल्यापासून सगळ्या गावाला फुटबॉलचं वारं लागलं होतं, रस्ते खोदून ठेवले होते, काल होता तो वळणाचा रस्ता आज नसायचा. जग इथे येणार म्हणून त्या इमारतीत यंदा शहरात राहणाऱ्या बायकांसाठीही एक-दोन जागा ठेवल्या होत्या. भैरवीने शाळेतून चार महिन्यांची बिनपगारी रजा घेतली.

"आई, यू? इन अ होस्टेल?" अंतरा फोनवर किंचाळली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

"हो. आणि आता फोन शुक्रवारीच. बाकीचे दिवस माझं मराठी बंद."

ऑगस्टअखेरच्या घामट दुपारी अभिजितने तिची बॅग दाराशी उतरवली. दारात वॉर्डन रुकैया उभी होती. जॉर्डनची, निवृत्त शिक्षिका, डोक्याला करडा रुमाल, चेहऱ्यावर हसू शोधावं लागेल अशी. तिने अभिजितला मानेनेच निरोप दिला आणि भैरवीला काहीतरी विचारलं. भैरवीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ती हसली. रुकैया हसली नाही.

खोलीत नजमा होती. केनियातल्या मोंबासाची, वीस वर्षांची, उंच, काटक. अरबी तिला बऱ्यापैकी यायचं. तिने भैरवीची बॅग उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "अहलन, खालती!"

भैरवीने बॅगेकडे पाहिलं. वर ठेवून वर "खालती" का म्हणते ही? सांगलीकडे खालती म्हणजे खाली. तिने बॅग पुन्हा खाली काढली. नजमाने परत वर ठेवली. "खालती, खालती," आणि तिने भैरवीच्या खांद्यावर हात ठेवला. कधीतरी रात्रीच्या जेवणापर्यंत उलगडा झाला, की अरबीत खालती म्हणजे माझी मावशी. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या इमारतीची ती खालती झाली.

पहिला महिना फार वाईट गेला. जिच्या तोंडून दुसऱ्या भाषेतला शब्द निघेल तिने संध्याकाळी सगळ्यांसाठी चहा करायचा, असा तिथला रिवाज होता. सप्टेंबरभर चहा भैरवीच करत होती. ठेच लागली की "आई गं", दार आपटलं की "अगंबाई". आलं-वेलदोड्याचा तो चहा मुलींना इतका आवडला, की त्या मुद्दाम तिला दचकवायला लागल्या.

पण खरी अडचण वेगळी होती. एरवी तिचं तोंड मिटलेलंच असायचं. वर्गात प्रश्न आला की ती मनात आधी मराठीत उत्तर जुळवायची, मग इंग्रजीत फिरवायची, त्याचं अरबी करायची, क्रियापद बाईचं की बुवाचं ते तपासायची, आणि तोंड उघडेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर गेलेला असायचा. मैदान दणाणून सोडणारी बाई जेवणाच्या टेबलावर मीठ मागायला लाजायची. अळणी जेवायची.

ऑक्टोबरातल्या परीक्षेत तोंडीत ती नापास झाली. रुकैयाने खोलीत बोलावून घेतलं. सावकाश, सोपे शब्द निवडून ती म्हणाली, "तुम्ही हुशार आहात. पण या घरात बोलणाऱ्यांनी राहायचं असतं. घरी राहा, दुपारच्या वर्गाला येत जा. त्यात कमीपणा नाही."

भैरवीने वाक्य जुळवलं. या वेळी रुकैया थांबली.

"मला एक महिना द्या," भैरवी म्हणाली.

"इन्शाल्ला," रुकैया म्हणाली. तो होकार होता की नकार, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

त्याच संध्याकाळी भैरवी गॅलरीत उभी होती. ऊन उतरलं होतं, आणि मागच्या मैदानावर मुली फुटबॉल खेळत होत्या. डिसेंबरात मुलींच्या होस्टेलांचा सामना असायचा: एका बाजूला अरब मुलींचं मोठं होस्टेल, दुसऱ्या बाजूला ही भाषेची इमारत. इमारत दरवर्षी सपाटून हरायची. आजही बघवत नव्हतं. कोरियाची मिन्जी वाऱ्यासारखी पळायची, पण चेंडू पायात आला की कुणाकडे न बघता थेट भिंतीत जायची. गोलमध्ये नजमा उभी होती, पण उजवीकडून येणाऱ्याला ती डावीकडे शोधत होती.

भैरवीने थोडा वेळ कठडा आवळून धरला. मग तिला राहवेना. ती जिना उतरून मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि पुढच्या क्षणी तिचा आवाज फुटला.

"यमीन! नजमा, यमीन!"

नजमा उजवीकडे झेपावली. चेंडू हातात.

"उठ! उभी राहा! लांब फेक, त्या मोकळ्या मुलीकडे! मिन्जी, डोकं वर! वर बघ, वर!"

सगळं अरबीत. मोडकं, व्याकरणाचा चुराडा झालेलं, पण अरबीत. खो-खोत पाठीत थाप बसली की विचार करायला सवड नसते, उठायचं आणि सुटायचं. इथेही तसंच झालं. मराठी, इंग्रजी असे थांबे घ्यायला वेळच नव्हता. तासाभराने ती घामाघूम होऊन थांबली तेव्हा नजमा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती.

"खालती," ती म्हणाली, "तुम्हाला बोलता येतं!"

त्या रात्री जेवताना भैरवीने मीठ मागितलं. इतक्या मोठ्याने मागितलं की पलीकडच्या दोन टेबलांवरूनही मिठाच्या डब्या आल्या.

त्या दिवसापासून ती संघाची कोच झाली, आणि जीभ सैल होत गेली. चुका व्हायच्या, मुली हसायच्या, ती दुप्पट हसायची. महिना झाला तरी रुकैयाने घरी जाण्याचा विषय काढला नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी अभिजितने तिला समैस्म्याला नेलं. समुद्राकडे तोंड केलेलं नवं घर, अंगणात चटईवर उम्म जासिम बसलेली. भैरवीने वाटेत घोकलेलं वाक्य शुद्ध, घोटीव अरबीत म्हटलं: हे माझ्या आदरणीय शेजारणी, आपली प्रकृती कशी आहे?

म्हातारी क्षणभर बघतच राहिली. मग तोंडाला ओढणीचं टोक लावून इतकी हसली की जासिमची बायको आतून धावत आली. "अगं, तू बातम्या द्यायला आलीस का?" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "असं टीव्हीवर बोलतात. माणसं म्हणतात, शलोनिच?"

"शलोनिच," भैरवी म्हणाली.

"परत म्हण!"

इथल्या बोलीत बाईशी बोलताना शब्दाच्या शेवटी च लागतो. कशी आहेस, शलोनिच. तुझ्या मागे, वराच. वर्गातल्या पुस्तकात हा च औषधालाही नव्हता, आणि भैरवी तर जन्मभर मीच, तूच, हेच करत आलेली. तिच्या तोंडी तो असा बसला की म्हातारीने तिच्या पाठीवर थाप मारली.

गहवा, म्हणजे तिकडची वेलदोड्याची कॉफी, आणि खजूर पुढे आल्यावर भैरवीने विचारलं, "त्या दिवशी फाटकाशी तुम्ही मला काय म्हणालात?"

"तुला कळलं नव्हतं?"

"एक शब्द नाही."

"मी विचारलं, ती पिवळी गोड पोळी कशी करतेस ते सांग, आता मला कोण देणार? आणि तू आभार मानलेस! दोनदा!" दोघी पुन्हा हसल्या. मग म्हातारीने तिचा पेला पुन्हा भरला. "आणि म्हटलं, रोज सकाळी तू लेकीवर ओरडायचीस, त्या आवाजाने मी उठायचे. नव्या घरात मला कोण उठवणार?"

भैरवी चटईवर तिच्या आणखी जवळ सरकली. तिने म्हातारीचे हात धरले. मग दुपारभर बसून तिने पुरणपोळीची सगळी कृती अरबीत सांगितली. हरभरे गोड करून पोळीत भरतात, हे ऐकून जासिमच्या बायकोने कानाला हात लावले. अभिजित शेजारी बसून नुसता बायकोकडे बघत होता. परतताना त्याने गाडी समुद्राकाठच्या रस्त्याने घेतली. मग म्हणाला, "भैरवी, तू तिकडे वेगळीच दिसतेस. म्हणजे, शाळेच्या मैदानावर दिसतेस तशी."

डिसेंबर आला. सामन्याची कॉमेंट्री लाउडस्पीकरवरून व्हायची, आणि त्यातही चुरस होती. पहिल्या अर्ध्यात अरब होस्टेलची मुलगी बोलायची, दुसऱ्या अर्ध्यात भाषेच्या इमारतीची, आणि कॉमेंट्रीचं बक्षीस वेगळं. भैरवीने नाव दिलं. रुकैयाने मान हलवली. "खालती, तुम्ही बोलता, पण चुकता. माइकवर चूक शंभर पट मोठी होते. एमिना बोलेल." बोस्नियाच्या एमिनाचं अरबी आरशासारखं लख्ख होतं. भैरवीला वाईट वाटलं, पण म्हणणं खोटं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी हवा सुरेख होती. मैदानावर फक्त बायका: विद्यार्थिनी, प्राध्यापिका, मुलींच्या आया, मावश्या, आज्या, थर्मास आणि खाऊचे डबे घेऊन आलेल्या. अरब होस्टेलच्या कॉमेंटेटर मुलीने पहिला अर्धा गाजवला. तिच्या संघाने दोन गोल केले आणि प्रत्येक गोलला तिने श्वास न घेता असा काही सूर लावला की आज्यासुद्धा उठून टाळ्या पिटू लागल्या. मध्यंतराला दोन-शून्य.

दुसऱ्या अर्ध्याला एमिना माइकशी बसली. पहिलं वाक्य संपतंय तोच इमारतीच्या एका मुलीचा पाय मुरगळला. भैरवीने धावत जाऊन घोटा बघितला. खेळणं शक्य नव्हतं, आणि बदली खेळाडू एकही उरली नव्हती. एमिनाने एकदा मैदानाकडे बघितलं, माइक टेबलावर ठेवला आणि बूट घालायला पळाली.

लाउडस्पीकर मुका झाला. खेळ सुरू झाला तरी मुकाच. रुकैया इकडेतिकडे बघत होती. भैरवी टेबलाशी गेली आणि तिने माइक उचलला.

"चेंडू गेला..." ती म्हणाली, आणि अख्खं मैदान हसलं. अरबीत चेंडू बाई असतो. तिने त्याचा बुवा करून टाकला होता.

दोन महिन्यांपूर्वी ती तिथेच माइक ठेवून पळाली असती. आता ती म्हणाली, "चेंडूबाई, माफ करा, नवी ओळख आहे. गेली! चेंडूबाई गेल्या, आणि थेट मिन्जीच्या घरी गेल्या!"

हसू पुन्हा उसळलं, पण या वेळी ते तिच्या बाजूचं होतं. आणि मग ती सुटली. पुस्तकातलं अरबी, उम्म जासिमचं अरबी, स्वयंपाकघरातलं अरबी, जे हाताला लागेल ते. चेंडू अडला की आयांना विचारायची, "काय म्हणता, हिला जेवायला घातलं नव्हतं का?" मागून कुणी येताना दिसलं की "वराच! वराच!" असं ओरडायची, दोन्ही संघांसाठी सारखंच. परदेशी बाईच्या तोंडी इथल्या बोलीतला तो च ऐकून कतारी आज्यांचा आनंद गगनात मावेना. त्या तिच्या मागोमाग ओरडू लागल्या.

एमिनाच्या पासवर मिन्जीने पहिला गोल केला. काही वेळाने कॉर्नरवरून दुसरा झाला. दोन-दोन. मग इमारतीच्या एका मुलीचा हात चेंडूला लागला आणि अरब होस्टेलला पेनल्टी मिळाली. सगळं शांत झालं. भैरवीने आवाज अगदी खाली आणला. "गोलमध्ये नजमा आहे. माझ्या खोलीतली नजमा. सकाळी हिला उठवायला तीन हाका लागतात. नजमा, बाळा, आज एकाच हाकेत ऊठ."

शिट्टी. फटका. नजमा उजवीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या पंजाला लागून खांबाबाहेर गेला.

"दार बंद!" भैरवी गरजली. "घरात कुणी नाही! पाहुण्यांनी उद्या यावं!"

आता अरब होस्टेलच्या मुलीसुद्धा डोकं धरून हसत होत्या. शेवटच्या मिनिटांत मिन्जी चेंडू घेऊन सुटली. समोर तीन जणी. आणि तिने जुनंच केलं, मान खाली घालून थेट त्यांच्यात घुसली. बाजूला एमिना मोकळी होती. भैरवीच्या डोक्यातलं सगळं अरबी त्या क्षणी पुसलं गेलं आणि लाउडस्पीकरमधून एकच शब्द निघाला.

"खो!"

मिन्जी दचकली. सरावात 'पास दे' म्हणून तो शब्द तिने हजारदा ऐकला होता. तिने वर बघितलं, चेंडू एमिनाकडे ढकलला, आणि एमिनाने तो जाळ्यात मारला.

पुढे काय झालं ते भैरवीला नीट आठवत नाही. माइक हातात होता, ती काहीतरी ओरडत होती, नजमाने येऊन तिला उचललं होतं, आणि आज्या शिट्ट्या मारत होत्या. अरब होस्टेलची कप्तान हात मिळवायला आली. "तो शेवटचा शब्द कुठला?" तिने विचारलं. "आम्हालाही शिकवा."

कॉमेंट्रीचं बक्षीस जाहीर करायला रुकैयालाच बोलावलं होतं. तिने भैरवीचं नाव वाचलं, चषक हातात दिला आणि माइक बाजूला सारून म्हणाली, "मी सतरा चुका मोजल्या."

"माफ करा," भैरवी म्हणाली.

"मग मोजायचं सोडलं. सामना बघायचा राहून जात होता." आणि त्या चेहऱ्यावर, शोधावं न लागता, हसू आलं.

बायकांच्या खेळाचं काम बघणाऱ्या एका कतारी बाई त्या दिवशी मुलीबरोबर आल्या होत्या. वर्ल्ड कपपर्यंत मुलींचे सामने वाढवायचे त्यांच्या मनात होतं. त्यांनी भैरवीचा नंबर घेतला. लोक नंबर घेतात आणि विसरतात, म्हणून भैरवीने कुणाला सांगितलं नाही. पण जानेवारीत फोन आला. मुलींच्या क्लबांचा सामना, खरं स्टेडियम, कुटुंबांसकट सगळ्यांना प्रवेश. अर्धी कॉमेंट्री कराल का?

त्या संध्याकाळी अभिजित सुट्टीला आलेल्या अंतराला घेऊन तासभर आधीच जाऊन बसला. दिवे लागले, संघ आत आले, आणि वरून बायकोचा आवाज असा आला, की त्याच्या हातातला करकचा, म्हणजे तिथल्या दाट दुधाच्या चहाचा, कप कलंडता कलंडता राहिला. शेजारच्या बाकावरचा एक कतारी गृहस्थ पहिल्याच वाक्याला खदखदून हसला. त्याची मुलं हसली. मग पुढच्या रांगा हसल्या. काय विनोद झाला ते अभिजितला अजिबात कळलं नाही, पण तोही हसत होता.

"मस्त बोलते," तो गृहस्थ अभिजितकडे वळून इंग्रजीत म्हणाला. "बाई आमच्यासारखी बोलते, पण इथली वाटत नाही. कुठली असेल?"

"सांगली!" अभिजित म्हणाला.

गृहस्थाने जाणकारासारखी मान डोलावली आणि आपल्या मुलांना अरबीत सांगितलं, सांगलीची आहे.

"बाबा," अंतराने वडिलांचा हात घट्ट धरला होता. "आई काय भारी बोलतेय!" ती मराठीत बोलली, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

खाली रेफरीने शिट्टी वाजवली. वरच्या काचेच्या खोलीत भैरवीने शाल खुर्चीवर टाकली आणि ती उभीच राहिली. बसून तिला कधी ओरडता आलं नव्हतं.